बिनहळदीचा बटाटा

पोरीनं ताट सरकवलं असतं, तोंड वाकडं केलं असतं, पाय आपटत उठून गेली असती, तरी सुंदराबाईला एवढं लागलं नसतं. तसल्यांना सरळ कसं करायचं हे तिला ठाऊक होतं. घरातली सूनच त्याची साक्ष होती. पण गायत्रीनं तसलं काही केलं नाही. हातपाय धुतले, बट कानामागं सारली, मांडी घालून नीट बसली, खिचडीचा पहिला घास चावून गिळला आणि तपासणीला आलेल्या डॉक्टरणीसारखी म्हणाली, "आजी, ह्याच्यात आपलं म्हणशील तर मीठ, जिरं आणि तूप. बाकी सगळं बाहेरचं."

"बाहेरचं कसं? मी माझ्या हातानं भिजवलं."

"तसं नाही गं. साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणे, मिरची, सगळं फिरंग्यांनी जहाजातून आणलंय. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी. त्याच्या आधी आपल्याकडं कोणी बघितलंसुद्धा नव्हतं. उषाबाईंनी शिकवलं आम्हाला शाळेत."

"आणि हळद?" कोपऱ्यात कारखान्याच्या साड्यांच्या घड्या घालत बसलेल्या कमलनं विचारलं. सून सासूपुढं सहसा तोंड उघडत नसे, पण त्या दिवशी तिला कुठून सुचलं कोण जाणे.

"हळद आपली. पहिल्यापासूनची."

"घ्या! आणि तीच उपासाले चालत नही," कमल म्हणाली आणि हसली. मोठ्यानं नाही, समोरच्या साडीत तोंड घालून हसली. पण खांदे हलले. सुंदराबाईनं ते खांदे पाहिले.

तो मंगळवार होता, आणि साधा मंगळवार नव्हता. सुंदराबाईच्या पदराखाली कुंकवाची डबी होती. पोरीनं उपासाचं पहिलं ताट संपवलं की तिच्या कपाळाला बोट लावायचं आणि म्हणायचं, आजपासून मंगळवार तुझा. एवढंच करायचं होतं. मागल्या महिन्यात मोरीत चक्कर येऊन पडल्यावर दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला होता, "मावशी, आता उपास बंद." त्याला काय जातंय बंद म्हणायला? मंगळवार एकवीरेचा होता. प्लेगची मरकी आली त्या साली तिचा मुलगा गोपाळ सरकारी इस्पितळात आत असताना सुंदराबाईनं फाटकाबाहेर उभं राहून देवीला शब्द दिला होता, की ह्या घरात बाई असेतोवर मंगळवार मोडणार नाही. स्वतःपुरतं बोलली असती तर प्रश्न नव्हता. पण मागताना माणूस हात आखडता घेत नाही, तिनं पुढच्या बायांच्या वतीनंही बोलून टाकलं. आता ते कुणाच्या तरी ओच्यात घालायला हवं होतं. कमलला उपासानं पित्त होऊन उलट्या व्हायच्या. शिवाय असल्या गोष्टी रक्ताच्या माणसाकडंच जाव्यात, बाहेरून आलेल्या सुनेकडं नव्हे, असं सुंदराबाईचं मत होतं. आणि मंगळवार मोडला तर? गोपाळ अजून कारखान्यात त्याच यंत्रमागांच्या मधल्या बोळीत उभा राहत होता, दोन्हीकडून धोटे सुटत, पट्टे फिरत, कानांत दिवसभर तो खडखडाट. चार वर्षांत त्याला साधा ताप आला नव्हता. घरात पहिला चहा सुंदराबाईला मिळायचा, पंखा तिच्या बाजूला फिरवलेला असायचा, ती बोलत असली की कमल भांडं आपटत नसे. ते सगळं त्या मंगळवारांवर उभं होतं हे कुणी बोलून दाखवत नसलं तरी घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आणि पोरगी म्हणत होती, हा उपासच बाहेरचा. डबी पदराखालीच राहिली. मुठीत धरून धरून तिचा पत्रा गरम झाला होता.

मग आठवडाभर सुंदराबाईचं कशात लक्ष लागेना. तव्यावरची भाकरी फिरवताना मिरचीवर नजर जायची. पांझरेच्या काठी माहेरी घराच्या धाब्यावर मिरची वाळत घातलेली असायची, सगळं धाबं लाल. खाली ओसरीत बसलेल्या माणसांनाही ठसका लागायचा. आई पाट्यावर ठेचा वाटायची, आणि वाटून झाल्यावर तळहाताची आग होते म्हणून हात ताकाच्या भांड्यात बुडवून बसायची, डोळे मिटून, जणू तेवढाच तिचा विसावा. त्या आईच्या आईनंही तेच केलं असणार. तिच्या आईनंही. असं मागं मागं जावं तर कुठंतरी एक बाई लागत होती जिच्या पाट्यावर मिरचीच नव्हती. ती काय वाटत होती? नुसता लसूण? जवस? तिचा हात कशानं जळत होता? सुंदराबाईला त्या बाईचं तोंड दिसेना, आणि तिच्या पलीकडं तर सगळं अळणीच झालं. खानदेशातून पोटासाठी सुरतेला आलो तेव्हा बरोबर काय आणलं होतं? दोन पातेली, पाटा, वरवंटा आणि मिरच्यांचं गाठोडं. इथं लोकांनी जेवणात साखर घातली, आपण नाही घातली. तेवढ्यावर तर इतकी वर्षं मान ताठ ठेवली होती, की आमचं तिखट आमचं आहे. आता ते तिखटही कुण्या गोऱ्या खलाशानं खिशातून आणलेलं निघालं. तिला राग पोरीचा आला, पोरीपेक्षा त्या उषाबाईचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या न दिसणाऱ्या बाईचा आला, जी काही बोलायला तयार नव्हती.

सरळ विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण धुणं वाळत घालताना, केस विंचरताना ती आडून आडून विचारायची. "काय वं, हे फिरंगी इकडं आले कसाले? त्यांच्या देशात खायाले नव्हतं?"

"मिरीसाठी आले. काळी मिरी. तिकडं सोन्याच्या भावानं जायची."

"म्हणजे मिरी नेली आणि मिरची ठेवली?"

"अं... हो, तसंच." गायत्रीला हे नवीन होतं, पुस्तकात असं एका ओळीत नव्हतं. "पण आजी, सोपं नव्हतं ते. आधी पंडित लोकांनी तारे मोजले, नकाशे काढले. मग राजानं परवानगी दिली, खजिन्यातून खर्च केला. मग जहाजं निघाली. एक जण तर निघाला आपल्याकडं यायला आणि पोचला भलत्याच देशात. आणि मरेपर्यंत म्हणत राहिला, की हाच तो देश."

"तुझा आजा असाच होता," सुंदराबाई म्हणाली. "सुरतेच्या अलीकडं उधन्याले उतरायचं तर पुढं नेलं आम्हाले. आणि स्टेशनावर उभा राहून मलाच सांगे, हेच उधना."

पोरगी खळखळून हसली आणि सुंदराबाईलाही ओठ आवळावे लागले. नवऱ्याचं, शालिग्रामचं तोंड समोर आलं, डोक्यावर ट्रंक, कपाळावर घाम आणि चुकल्याचं कबूल करायचं नाही म्हणून ताणलेल्या भुवया. राग तसाच ठेवायला तिला कष्ट पडले. शाळेनं पोरांना कतारगामच्या दरवाजाकडं नेऊन गोऱ्या लोकांची जुनी थडगीही दाखवून आणली होती. गायत्री हातवारे करून सांगत होती, "घरं नाहीत एवढी मोठी, आजी! घुमटबिमट, खांब. हे गोरे सुवालीच्या बंदरात जहाज लावायचे, तिथून नावेनं तापीतून वर यायचे, बादशहाच्या माणसांपुढं वाकायचे, व्यापार करायचे. आणि तापानं मरायचे. पोरंच होती, वीस-बावीसची."

"त्यांच्या आयांले कधी कळायचं?"

"काय?"

"की पोरगं मेलं."

गायत्री थांबली. "जहाज परत जाईल तेव्हा. वर्ष-दीड वर्ष लागत असेल."

सुंदराबाईनं कंगवा पोरीच्या केसांत तसाच धरला. म्हणजे वर्षभर एखादी म्हातारी तिकडं कुठंतरी पोरासाठी आपल्या देवापुढं उपाशी बसत असणार, आणि पोरगं इकडं केव्हाच घुमटाखाली गेलेलं. उपास कुणासाठी चालला होता मग? तिनं कंगवा जोरात ओढला आणि पोरगी "आई गं" म्हणून ओरडली.

पुढचा मंगळवार आला तेव्हा सुंदराबाईनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. उपासच करायचा ना, मग असा करू की त्या उषाबाईनं येऊन ताट तपासावं. भगर आपली होती, पोरीनंच सांगितलं होतं. दूध आपलं. गूळ आपला, ऊस इथलाच म्हणे पुरातन काळापासून. चलथाणच्या साखर कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्या पाहिल्या की तिला उगाच बरं वाटायचं. मिरची नाही, मिरी. शेंगदाणे नाहीत, बटाटा नाही, रताळं नाही. रताळंही आलं होतं बोटीवर बसून. सकाळी कमलनं चहाचा कप आणून ठेवला तेव्हा ती त्याकडं बघत राहिली. "गायत्री, चहा कुणाचा?" पोरगी शाळेत जायच्या गडबडीत होती, दप्तर खांद्याला अडकवत म्हणाली, "चीनचा. मग इंग्रजांनी इकडं लावला." सुंदराबाईनं कप हातभर दूर सरकवला. गायत्री दारातच थबकली, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण शाळेची वेळ झाली होती आणि ती गेली.

उन्हं वर आली तसं डोकं चढायला लागलं. आधी कानशिलं, मग डोळ्यांच्या मागं, मग सगळं कपाळ. तिनं फडकं घट्ट बांधलं. भगर तिखटाविना घशाखाली उतरत नव्हती. मिरीचा चावा जिभेला कळायचा आणि लगेच विझून जायचा, मिरचीसारखा तो अंगात घर करत नव्हता. गल्लीतल्या मागांचा आवाज रोजचाच होता, एरवी ऐकू येत नसे. आज एकेक ठोका कपाळात बसत होता. गोपाळ रात्रपाळी करून आलेला, भिंतीकडं तोंड करून झोपला होता. झोपेतही तो हात थोडा वर धरायचा, तुटलेला धागा शोधत असल्यासारखा. एकदा कूस बदलताना त्यानं डोळे किलकिले केले. "आई, डोकं कसाले बांधलं? चहा पी ना वं." आणि परत झोपला. चहा पी! ज्याच्यासाठी हे सगळं, तोच सांगतो चहा पी. तिला त्याला हलवून उठवावंसं वाटलं, की सांग मला, तू कशानं उठलास त्या वेळी? कमलनं एकदाच म्हटलं होतं, फार पूर्वी, की गोळ्या वेळेवर मिळाल्या म्हणून हे वाचले. तेव्हा सुंदराबाई तिच्याशी महिनाभर बोलली नव्हती. महिनाभर. आणि कमलनं पुन्हा तो विषय काढला नव्हता, पण मत बदललं असं काही नव्हतं.

घरात बसवेना म्हणून ती ओट्यावर येऊन बसली. समोर गाडीवर बाबुराव शेंगा भाजत होता. गरम वाळूचा आणि भाजल्या टरफलांचा वास सरळ पोटात शिरला. तो वास आला, भूक उठली आणि इस्पितळाचं ते फाटक डोळ्यांपुढं आलं. दर वेळी तसंच यायचं, म्हणून ती बाबुरावाच्या गाडीकडं पाठ करून बसायची. आज डोकेदुखीत विसरली. नदीचं पाणी शहरात शिरून ओसरल्यावरचे ते दिवस होते. मग मरकीची बातमी फुटली, आणि अर्धं सुरत बोचकी घेऊन स्टेशनावर. ते राहत त्या नवागामच्या गल्ल्या रिकाम्या पडल्या, माग बंद झाले, आणि त्या शांततेनंच माणसाला धडकी भरायची. गोपाळला ताप होता. तोंडाला फडकी बांधलेल्या माणसांनी त्याला गाडीत घातलं. कमलला गायत्रीसकट तिच्या भावानं गावी नेलं होतं. फाटकाबाहेर सुंदराबाई एकटी. एकटी म्हणायचं, पण एकटी नव्हती. हे तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारी एक सुरती बाई होती, तिच्याच वयाची, चांगल्या घरची, हातात जाड बांगड्या. तिचा नवरा आत होता. दोघी दिवसभर एकमेकींकडं न बघता उभ्या होत्या. दुकानं बंद, चहा नाही, पाणी नळाचं. मंगळवार होता, आणि सुंदराबाईनं तिथंच देवीला शब्द दिला होता. दुपार कलल्यावर त्या बाईनं पिशवीतून डबा काढला, उघडला आणि झाकणावर बटाट्याची भाजी वाढून पुढं केली. सुंदराबाईनं मान हलवली. तेव्हा ती म्हणाली, "लो बेन, हळदर नथी नाखी. मारे पण मंगळवार छे." हळद घातली नव्हती, तिचाही मंगळवार होता.

पांढरट, फिका बटाटा. जिरं, तूप, हिरवी मिरची. त्यात चिमूटभर साखर होती. सुरतेची ती सवय सुंदराबाईनं जन्मभर नाकारली होती, तिथं तिनं ती भाजी खाल्ली, बोटं चाटून खाल्ली. आतल्या दोघांना तीच सरकारी कॅप्सूल मिळत होती. बाहेर दोघींना तोच बटाटा. दुसऱ्या दिवशी त्या बाईचं नाव पुकारलं गेलं, ती आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा सुंदराबाईला बघूनच कळलं. ती रडत नव्हती. सुंदराबाईच्या जवळून जाताना थांबली आणि म्हणाली, "तमारो दीकरो सारो थई जशे." तुमचा मुलगा बरा होईल, असं तीच सांगत होती. आणि सुंदराबाई एक शब्द बोलली नाही. कारण त्या क्षणी मनात काय होतं तर, हिचा गेला, म्हणजे माझा राहील. तिचा मंगळवार देवीनं मोजला नाही, माझा मोजला. हेच मनात धरून ती घरी आली, आणि त्यावर ही चार वर्षं बांधली. तिचा उपास कुठं कमी पडला होता? हळद तर नव्हती.

शेंगांचा धूर डोळ्यांत गेला. बाबुराव म्हणाला, "काकी, शेंगा गरम शेतस, देऊ का पुडी?" तिनं मान हलवली. मग वाटलं, चारशे वर्षांमागं असाच कुणी पहिला बटाटा एखाद्या बाईच्या हातात दिला असेल, कुठल्या तरी बंदराच्या बाजारात, चिखल लागलेला, आणि तिनं तो उलटापालटा करून बघितला असेल. उकडला असेल. आणि मग कधीतरी, उपासाच्या दिवशी, घरातलं कुणी आजारी असताना, दुसऱ्या उपाशी बाईपुढं धरायला तिच्याकडं दुसरं काहीच नसेल. म्हणाली असेल, घे, हा चालतो. कुणाला विचारलं असेल तिनं? भटाला? बादशहाला? नसेलच विचारलं. आणि तारे मोजणाऱ्या पंडितांना तिचा पत्ताही नसेल. ती आली असेल त्या घरात बाहेरूनच, सून म्हणून. सगळ्या बाहेरूनच येतात. आपणही आलोच की, पांझरेकाठून शालिग्रामच्या मागं. हे सुचलं आणि सुंदराबाई स्वतःवरच चिडली, कारण त्यानं काहीच सुटत नव्हतं. डोकं तसंच ठणकत होतं. आणि ती सुरती बाई, जिला नाव विचारायचं राहून गेलं, अजून मंगळवार करत असेल का?

गायत्री आली तेव्हा उन्हं गल्लीतून उतरली होती. तिनं आजीच्या कपाळाचं फडकं पाहिलं, दाराशी झाकून ठेवलेली भगर पाहिली, जेमतेम उष्टावलेली, आणि दप्तर खांद्यावरून न काढताच ओट्यावर बसली.

"आजी, तू सकाळपासून चहा नाही घेतला?"

"चीनचा शे ना."

"अगं पण मी खाऊ नको, पिऊ नको, असं कुठं म्हटलं होतं? मी आपलं सांगितलं, कुठून आलं ते."

"कसाले सांगितलं?"

"कसाले म्हणजे... शाळेत शिकवलं म्हणून."

"शाळेत तर तुले पुष्कळ शिकवतात. गणित नही सांगितलं कधी ताटावर बसून. त्याच दिवशी, पहिल्याच घासाले, हेच कसाले?"

पोरगी दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. आत गोपाळ खोकला. साधा, झोपेतला खोकला. दोघींनी एकदम आत पाहिलं आणि परत समोर पाहिलं. मग गायत्री खाली बघून म्हणाली, "तुझ्या पदराखाली डबी होती. मला दिसली होती. मला नकोय मंगळवार, आजी. कायमचा, लग्न होऊनसुद्धा, मरेपर्यंत... आणि एखाद्या वेळी मोडला आणि पप्पांना काही झालं, तर ते माझ्यामुळं झालं असं होईल. मला भीती वाटते."

सुंदराबाईनं कनवटीची डबी बाहेर काढली, उघडली, बोट आत नेलं आणि न टेकवताच मागं घेतलं. झाकण लावलं. गल्लीत पाळी बदलत होती, माग क्षणभर थांबले होते, आणि त्या शांततेत बाबुरावाच्या कढईतली वाळू तेवढी खसखसत होती. तिला वाटलं होतं तेवढी भीती वाटली नाही. दुखलं मात्र, दात काढल्यावर रिकाम्या जागी जीभ जाते तसं. हे ओझं आपण पोरीच्या डोक्यावर ठेवणार होतो, आणि ते ओझं आहे हे त्या एवढ्याशा पोरीला दिसलं, आपल्याला नाही. पण हे तोंडानं कबूल करायचं तर सुंदराबाई कसली?

"ही डबी फडताळात ठेव," ती म्हणाली. "मंगळवार मी तुले देत नही. माझा शे, माझ्यासोबत जाईल. तुझा बाप गोळीनं उठला का उपासानं, ते माले ठाव नही, आणि त्या उषाबाईलेही नही. तिच्यावर आणि तुझ्यावर त्याचा भार नको. आता चहा टाक. आलं घाल. आणि दोन बटाटे उकडायले ठेव, मिरची घालून. हळद नको."

गायत्री उठली. डबी घेतली. तिच्या तोंडावर सुटल्याचा आनंद आणि लाज दोन्ही एकदम होतं, आणि ते बघून सुंदराबाईला पुन्हा चीड आली. एवढ्यावर पोरीनं सुटावं हे काही खरं नव्हतं. तिनं डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं आणि दारात पोचलेल्या पोरीला हाक मारून वळवलं.

"आणि ऐक. पुस्तक तुझं खरं असेल, माले त्याचं वाईट नही वाटलं. खोटी तू निघालीस. 'आजी, माले नको,' एवढंच माझ्या तोंडावर म्हणायचं होतं. ते जमलं नही, म्हणून एवढ्या लांबून फिरंग्यांची जहाजं आणलीस घरात."